डॉलर नव्वदीपार गेला, आता सहलीला कुठे जायचं?

पूर्णा आणि नांदेड यांच्या मधलं चुडावा हे परभणी जिल्ह्यातलं लहानसं रेल्वे स्टेशन. आसपास ऊस, सोयाबीन, हळद, कापूस. अशा गावांतून परदेशी जाणं आता अप्रूपाचं राहिलेलं नाही. काशीयात्रेला जोडून पशुपतिनाथ होतो, लुंबिनीला बसगाड्या जातात, कुणी उमराहला जातं, तर कुणी मुलाकडे अमेरिकेला. थोडे पैसे हाताशी आले की दुबई किंवा थायलंडची चौकशी सुरू होते. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरला पहिल्यांदाच ९० रुपयांहून जास्त मोजावे लागले, तेव्हा या सगळ्या घरांत एकच प्रश्न उभा राहिला: आता परदेश परवडणार का?

या प्रश्नाला सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देता येत नाही. डॉलर महागला म्हणजे सगळं जग महागलं, असं होत नाही. काही देश महागतात, काही जागच्या जागी राहतात, एखादा स्वस्तही होतो. आपला खर्च कोणत्या चलनाला बांधलेला आहे, ते आधी ओळखावं लागतं.

हाली आणि कलदार

हा हिशेब मराठवाड्याला नवा नाही. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचं स्वतःचं चलन होतं. त्याला लोक हाली रुपया म्हणत. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला कलदार. अधिकृत प्रमाण होतं ७ हालीला ६ कलदार. म्हणजे १०० कलदार रुपये हवे असतील तर ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै मोजावे लागत.

आज ज्याला कुणी परदेश म्हणणार नाही, तिथे जातानाही हा बदल करावा लागे. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अंमलाखाली. मनमाडही इंग्रजांकडेच. इथला वारकरी आषाढीला निघाला की गाठीच्या शंभर हाली रुपयांचे पंढरपुरात ८५ रुपये ११ आणेच उरत. दलालाची कसर वेगळी. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५० नंतर भारतीय रुपया इथे रुळला आणि हाली मागे पडला. तरी ज्यांच्या आज्यापणज्यांनी दोन रुपयांचा हिशेब मनातल्या मनात केला, त्यांनी डॉलरच्या आकड्याला बिचकण्याचं कारण नाही.

बातमीत दिसतो तो दर कुणाचा?

टीव्हीवर खाली सरकत जाणारा आकडा डॉलरचा असतो. पण युरोपात तुम्ही डॉलर खर्च करत नाही. २०२५ या एका वर्षात काय झालं पाहा. जानेवारीत डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता, सप्टेंबरात ८८. फरक दोन रुपयांचा. त्याच काळात युरो ८८-८९ वरून १०३ च्या पुढे गेला, कारण जगभर डॉलर स्वतःच युरोपुढे घसरत होता. माणशी २,००० युरोचा खर्च धरला तर जानेवारीत तो पावणेदोन लाखांच्या थोडा वर होता आणि सप्टेंबरात दोन लाख सहा हजारांच्या पलीकडे. चौघांच्या कुटुंबाला लाखाहून अधिक फरक पडला. ज्यांनी फक्त डॉलरवर नजर ठेवली, त्यांना ही वाढ दिसलीच नाही.

जपानची गोष्ट याच्या उलट, आणि मला ती जास्त शिकवणारी वाटते. २०१२ मध्ये डॉलर ५३ रुपयांच्या आसपास होता आणि ८० येनला मिळत होता. म्हणजे १०० येनला साधारण ६६ रुपये. जुलै २०२४ मध्ये डॉलर साडेत्र्याऐंशी रुपयांवर पोचला होता. पण येन इतका कोसळला होता की एका डॉलरला १६१ येन मिळत होते. १०० येन आले ५२ रुपयांवर. रुपया डॉलरपुढे घसरला तरी जपानमधली खोली, रेल्वेचं तिकीट, जेवणाचं ताट हे सगळं भारतीय माणसाला बारा वर्षांपूर्वीपेक्षा कमी रुपयांत पडू लागलं. त्या वर्षी जपानला जगभरातून ३ कोटी ६८ लाखांहून अधिक पाहुणे गेले. तोवरचा तो उच्चांक होता आणि त्यामागे स्वस्त येनचा मोठा हात होता.

म्हणून सहलीचं ठिकाण ठरवताना त्या देशाच्या चलनाचा रुपयातला भाव पाहावा, तोही निदान दोन-तीन वर्षांचा. आजचा एकटा आकडा काही सांगत नाही.

ज्यांचे दर बांधलेले आहेत

काही देशांनी आपलं चलन दुसऱ्या चलनाला पक्कं बांधून ठेवलं आहे. आपल्या भागातून होणाऱ्या परदेशवाऱ्यांपैकी बऱ्याचशा याच देशांत होतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

नेपाळ पहिला. १९९३ पासून १ भारतीय रुपया म्हणजे १ रुपया ६० पैसे नेपाळी. डॉलर ३१ असताना हाच दर होता आणि ९० झाल्यावरही हाच आहे. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, लुंबिनी या यात्रांच्या खर्चावर डॉलरच्या चढउताराचा थेट परिणाम होत नाही. शिवाय भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. काळजी घ्यायची ती दुकानात. किंमत ऐकली की ‘आयसी की एनसी?’ हे विचारायचंच, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. हजार एनसी म्हणजे आपले ६२५. न विचारता हजार आयसी मोजले तर ३७५ रुपयांचा खड्डा पडतो. मोठ्या भारतीय नोटांवर तिथे बरीच वर्षं बंधनं होती, म्हणून शंभराच्या नोटा भरपूर जवळ ठेवाव्यात.

भूतानचा न्गुलट्रम तर रुपयाच्या बरोबरीचा, एकास एक. तिथे भारतीय पर्यटकाला दर रात्री माणशी १,२०० रुपये शुल्क भरावं लागतं. पण तेही रुपयात ठरलेलं असल्यामुळे दराची धास्ती नाही.

आखाताचं मात्र वेगळं. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे, अमिरातीचा दिरहम १९९७ पासून ३.६७२५ ने. म्हणजे दुबईला किंवा मक्का-मदिनेला निघालेल्या माणसासाठी डॉलरची बातमी ही थेट त्याच्या खिशाची बातमी आहे. २०१४ च्या सुरुवातीला डॉलर ६२ होता तेव्हा रियाल साडेसोळा रुपयांना पडायचा. डॉलर ९० झाला की २४ रुपयांना. तिकडे हॉटेलाचं भाडं एका रियालनेही वाढलं नाही तरी इथून जाणाऱ्याचा खर्च ४५ टक्क्यांनी चढतो. उमराहसाठी वर्षानुवर्षं थोडे थोडे पैसे साठवणाऱ्या घरांनी हे आधीपासून धरून चालावं. रुपयात ठरवलेलं बचतीचं लक्ष्य पाच वर्षांनी अपुरं ठरण्याची शक्यताच जास्त.

शून्यांची भूल

२०२५ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये एका रुपयाला जवळपास ३०० डोंग मिळत होते, इंडोनेशियात १८५-१९० च्या आसपास रुपिया. ‘तिकडे आपण लखपती’ अशी जाहिरात त्यावरूनच होते. पण नोटेवर किती शून्यं आहेत याचा स्वस्ताईशी संबंध नाही. तिथल्या चहाची, खोलीची किंमतही तितक्याच शून्यांत लिहिलेली असते. विचारायचा प्रश्न एकच: एका दिवसाचं जेवण, राहणं आणि फिरणं मिळून रुपयात किती? व्हिएतनाम खरोखर परवडतं, पण ते तिथल्या कमी किमतींमुळे.

थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला आणि ओघ वाढला. त्या वर्षी बाट साधारण २ रुपये ४० पैशांना होता, २०२५ च्या अखेरीस २ रुपये ८० पैशांच्या पुढे. जोडप्याचा तिथला खर्च ४०,००० बाट धरला तर ९६,००० रुपयांचे १ लाख १२ हजारांवर जातात. व्हिसाचे वाचलेले पैसे दरात कधीच गेले.

चलन कोसळलं म्हणजे सहल सुखाची होते, असंही नाही. २०२२ मध्ये श्रीलंकेचा रुपया मार्चमध्ये डॉलरला २०० होता, मे महिन्यात ३६० च्या आसपास गेला. कागदावर भारतीयाला श्रीलंका एकाएकी स्वस्त झाली. प्रत्यक्षात पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा, वीज बंद, आणि सप्टेंबरात महागाई ७० टक्क्यांना टेकली. जिथली माणसं औषधासाठी रांगेत उभी आहेत, तिथे दर चांगला आहे म्हणून फिरायला जाऊ नये, असं माझं मत आहे. सावरल्यावर जरूर जावं. त्यांनाही पर्यटकाची गरज असते.

परकीय चलनातली शुल्कं

काही खर्च असे असतात की त्यात घासाघीस नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारामुळे आपल्या भागातल्या शीख कुटुंबांना पाकिस्तानातलं करतारपूरचं गुरुद्वाराही जवळचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये करतारपूर मार्ग खुला झाला, तेव्हा पाकिस्तानने दर यात्रेकरूमागे २० डॉलर शुल्क ठेवलं. त्या वेळी ते १,४३० रुपयांच्या आसपास होत होतं. ९० च्या दराने १,८०० होतं. (मे २०२५ मध्ये भारताने हा मार्ग बंद केला.) अमेरिकेचा पर्यटक व्हिसा २०१४ मध्ये १६० डॉलरचा होता, म्हणजे दहा हजारांच्या आत. जून २०२३ मध्ये तो १८५ डॉलर झाला. ९० च्या दराने १६,६५० रुपये. आईवडील दोघे निघाले तर तेहतीस हजार नुसत्या अर्जाचे, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. युरोपच्या शेंगेन व्हिसाचं शुल्कही जून २०२४ मध्ये ८० वरून ९० युरो झालं.

विमानाचं तिकीट आपण रुपयात काढतो, पण कंपन्या भाड्याने घेतात त्या विमानांची भाडी आणि बरीचशी देखभाल डॉलरमध्ये असते आणि तेलाचा भावही डॉलरमध्येच ठरतो. रुपया घसरला की काही काळाने तिकीटही चढतं. हैदराबादहून निघा की मुंबईहून, यातून सुटका नाही.

सहल कंपनीचं पत्रक वाचताना

मराठी माणूस परदेशी जातो तो बहुधा सहल कंपनीबरोबर. पत्रकातला ठळक आकडा रुपयात असतो, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की विनिमय दर बदलल्यास फरक ग्राहकाने भरायचा. काही सहलींची किंमत दोन तुकड्यांत असते: इतके रुपये अधिक इतके डॉलर किंवा युरो. अशा वेळी कोणत्या दिवसाचा दर लागणार, नोंदणीच्या की शेवटच्या हप्त्याच्या, हे विचारलंच पाहिजे.

कराचा भाग वेगळा. परदेशी सहलीच्या पैशांवर कंपनी टीसीएस हा आगाऊ कर वसूल करते. ऑक्टोबर २०२३ पासून ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेला २० टक्के असे दर लागले. २०२५-२६ या आर्थिक वर्षात ही मर्यादा १० लाख होती. अर्थसंकल्पात हे आकडे हलतात, म्हणून नोंदणीच्या दिवशी लागू असलेला दर विचारावा. ही रक्कम बुडत नाही, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरून परत मिळवता येते. शेती हेच उत्पन्न असलेली अनेक कुटुंबं विवरणपत्र भरत नाहीत आणि हजारो रुपये तसेच सोडून देतात. ते सोडू नयेत.

पैसे कसे न्यावेत

बातमीतला दर हा बँकांचा आपसातला. आपल्याला मिळतो तो विक्रीचा दर, आणि परत आल्यावर उरलेलं चलन मोडताना खरेदीचा. मोंढ्यात सोयाबीनला मिळणारा भाव आणि दुकानातला तेलाचा भाव यांत अंतर असतं, तसंच हे. हे अंतर सगळ्यात जास्त विमानतळावर असतं, म्हणून चलन तिथे घेऊ नये. चुडाव्यासारख्या गावात ही सोय नाही. नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबादला काही कामाने जाणं झालं की अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावं, पावतीसह. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत रोख नोटा मिळतात, बाकी कार्डावर.

फॉरेक्स कार्डात पैसे भरले की त्या दिवसाचा दर पक्का होतो. साध्या क्रेडिट कार्डावर बहुतेक बँका २ ते साडेतीन टक्के जादा आकारतात, वर त्यावर जीएसटी. परदेशातल्या दुकानात यंत्राने ‘रुपयात की इथल्या चलनात?’ असं विचारलं तर इथल्या चलनात म्हणा. रुपयात म्हटलं की दर ते लावतात आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, अमिरात इथे ठरावीक दुकानांत यूपीआयही चालतं.

दर उतरायची वाट पाहावी का?

सहलीपुरतं सांगायचं तर नाही. २००८ मध्ये डॉलर चाळिशीत होता, २०१३ मध्ये ६८ ला लागला, ऑक्टोबर २०२२ मध्ये ८३ झाला, मग ९०. मध्ये थोडा उतरतो, पण लांबची चाल एकाच दिशेची आहे. जाणं पक्कं असेल तर लागणाऱ्या चलनाचे तीन-चार भाग करून तीन-चार महिन्यांत घ्यावेत. सगळ्यात वाईट दिवशी सगळं चलन घेतलं, असं तरी होत नाही. बजेट घट्ट असेल तर ठिकाण बदलावं: दुबईऐवजी भूतान, युरोपऐवजी नेपाळ. ठिकाण बदलायचं नसेल तर दिवस कमी करावेत. कर्ज काढून मात्र जाऊ नये.

आणि नोंदणी करण्यापूर्वी सहल कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: किंमत कोणत्या चलनाला बांधलेली आहे, कोणत्या तारखेचा दर धरला आहे, आणि दर वाढल्यास जास्तीत जास्त किती पैसे मागणार. कुणी हे कागदावर द्यायला तयार नसेल, तर तिथे एक रुपयाही भरू नका.