बंद पाळणाघराचे पैसे

अंगणवाडीतून घरी येणाऱ्या शिध्याच्या पाकिटांवर या आठवड्यात लिहीन, असं म्हटलं होतं. ते पुढच्या खेपेला. मध्येच एका वाचक बाईंचा प्रश्न आला आणि तो डोक्यातून जाईना.

बाई आमच्या भोर तालुक्यातल्या आंबवड्याच्या. लेक-जावई पुण्यात धायरीला, दोघंही नोकरीवाले. नातू तिथल्या एका मावशींच्या घरगुती पाळणाघरात असायचा. २०२०च्या मार्चमध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत ते बंद झालं. ‘फीचे निम्मे पैसे तरी द्या’ असं मावशी म्हणाल्या, पण मूल घरीच आहे म्हणून जावयांनी दिले नाहीत. पुढं लेकीचं ऑफिस सुरू झालं, तोवर मावशी पाळणाघर बंद करून एका कुटुंबाकडे स्वयंपाकाला लागल्या होत्या. ‘आमचं चुकलं का?’ एवढंच बाईंनी विचारलं आहे.

कायद्यानं पाहिलं तर जावयांची बाजू बरीच भक्कम आहे. १८७२च्या करार कायद्याचं ५६वं कलम सांगतं, की ठरलेलं काम करणं अशक्य किंवा बेकायदा झालं तर करार तिथंच संपतो. ६५व्या कलमाप्रमाणे अशा कराराखाली आधी घेतलेलं परत करावं लागतं. टाळेबंदी तात्पुरती होती. तेव्हा करार संपला की नुसता थांबला, यावर वकील दिवसभर भांडू शकतील. मावशींना वकील परवडणार नव्हता आणि त्यांच्याकडे लेखी कागदही नव्हता. घरगुती पाळणाघरं बहुतेक अशीच चालतात, तोंडच्या बोलीवर.

शाळांचं भांडण मात्र थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. राजस्थानातल्या खासगी शाळांच्या खटल्यात ३ मे २०२१ रोजी निकाल लागला. शाळा बंद असताना वीज, पाणी, डिझेल, देखभाल यांचा खर्च वाचला, मग त्याचीही फी घेणं ही नफेखोरी झाली, असं न्यायालयानं म्हटलं. हा वाचलेला भाग ढोबळ मानानं १५ टक्के धरला. बाकीचे ८५ टक्के पालकांनी द्यायचे, पण थकले तर मुलाला ऑनलाइन वर्गातून काढायचं नाही. पुढं १२ ऑगस्ट २०२१ला महाराष्ट्र सरकारनंही १५ टक्के कपातीचा शासन निर्णय काढला. न्यायालयानं हा हिशेब कसा मांडला, ते मला फार मोलाचं वाटतं. दार बंद असताना कुठला खर्च थांबला आणि कुठला चालूच राहिला, हे त्यानं आधी पाहिलं.

तरी तो हिशेब पाळणाघराला जसाच्या तसा लागू होत नाही. शाळा मोबाइलवर का होईना, शिकवत होत्या. दोन वर्षांचं मूल मोबाइलवरून सांभाळता येत नाही. शिवाय शाळेच्या खर्चात इमारत, बस, कारकून असं बरंच काही असतं. मावशींचा खर्च म्हणजे दूध, खाऊ, थोडा गॅस. बाकी सगळी त्यांची स्वतःची मेहनत आणि त्यांचं स्वतःचं पोट.

आता आमच्या गावाकडे या. रायरेश्वराला जाताना आंबवडे लागतं. इथं पाळणाघराची फी कुणाला ठाऊक नाही. अंगणवाडी आहे आणि ती फुकट आहे. त्याच मार्चमध्ये राज्यातल्या अंगणवाड्याही बंद झाल्या. पण सेविकेचं आणि मदतनीस ताईंचं मानधन कुणी थांबवलं नाही. ते तुटपुंजं होतं, आजही आहे. ऑक्टोबर २०१८पासून केंद्रानं सेविकेसाठी ४,५०० आणि मदतनीस ताईंसाठी २,२५० रुपये धरले होते, त्यावर राज्याची भर. तेवढ्यावर या बायांनी घरोघर डाळ, कडधान्य, गहू, मीठ-मिरची पोचवली. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झाल्यावर घरोघरच्या पाहणीतही त्या होत्या. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा गरीब वस्त्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीचा उगमच तिथला. शिधा घेऊन दारोदार जाणाऱ्या आमच्या ताईंना पाहिलं की मला त्या दोघी आठवतात.

म्हणजे गावात दार बंद असतानाही सांभाळणारीचे पैसे सरकार देत राहिलं आणि दार उघडलं तेव्हा ती तिथं होती. धायरीच्या मावशींना असं कुणी नव्हतं. ऑस्ट्रेलियानं ६ एप्रिल ते १२ जुलै २०२० या काळात वेगळी वाट काढली. पालकांकडून फी घ्यायची नाही आणि केंद्राच्या आधीच्या फीच्या साधारण निम्मे पैसे, ठरावीक मर्यादेत, सरकारनं द्यायचे. तिथले पाळणाघरवाले रक्कम अपुरी म्हणून कुरकुरले, पण सांभाळणारी माणसं टिकली पाहिजेत, हे सरकारनं मान्य केलं होतं.

आपल्याकडे ही समज नवी नाही. गावच्या कारागिरांना बलुतं खळ्यावर वर्षाचं मिळायचं. नांगराचा फाळ त्या वर्षी मोडला नाही म्हणून लोहाराचं धान्य कुणी कापत नसे. गरज पडेल तेव्हा तो गावात असावा, याचंच ते धान्य होतं. त्यात जातीचा जाच होता आणि ती पद्धत गेली हे चांगलंच झालं. पण कामापेक्षा माणूस हाताशी असण्याला मोल आहे, ही समज टिकायला हवी होती.

तर बाई, माझं उत्तर असं. लेक-जावयांचे पगार चालू असतील तर निम्मे द्यायला हवे होते. त्याहून जास्त दिले असते तरी वावगं नव्हतं. दुधा-खाऊचे तेवढे वजा. पगारच थांबले असतील तर गोष्ट वेगळी. मग दोन्ही घरांनी बसून जमेल तो आकडा ठरवायचा. आणि यापुढं मूल ठेवताना पहिल्याच दिवशी साध्या कागदावर लिहून घ्या, की साथ आली, मावशी आजारी पडल्या, आम्ही गावी गेलो, तर किती द्यायचे आणि किती दिवस. दोन्हीकडच्या सह्या करा.

शिवाय हे ओझं लेकीनं आणि मावशींनीच का वाहायचं? प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं असतं. लेकीच्या ऑफिसात एवढी माणसं असतील तर तिनं हे विचारावं, एकटीनं जमत नसेल तर चारजणींनी मिळून. शिरवळच्या कारखान्यांत जाणाऱ्या भोरच्या पोरींनाही माझं हेच सांगणं आहे.

शिध्याची पाकिटं पुढच्या आठवड्यात नक्की.