कोरेगाव भीमाची मानवंदना : लढाई एका दिवसाची, स्मरण दोन शतकांचे

पुणे : नववर्षाच्या पहिल्या दिवशी पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील पेरणे येथे मध्यरात्रीपासूनच रीघ लागते. निळे ध्वज घेतलेले जथे, गणवेशातील समता सैनिक दलाचे स्वयंसेवक, पदके लावलेले माजी सैनिक आणि लहान मुलांना खांद्यावर घेतलेली कुटुंबे फुलांनी सजवलेल्या जयस्तंभापुढे येऊन मानवंदना देतात. बुद्धवंदना होते आणि पुस्तकांच्या दालनांपुढे गर्दी जमते. हे सारे १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी झालेल्या एका दिवसाच्या लढाईच्या स्मरणार्थ होते.

पुणे नोव्हेंबर १८१७ मध्येच इंग्रजांच्या हाती गेले होते. दुसरा बाजीराव पेशवा फौजेसह पुन्हा पुण्याच्या रोखाने येत असल्याचे कळताच शिरूरहून कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टन याच्या नेतृत्वाखाली सुमारे ८०० जणांची तुकडी मदतीसाठी निघाली. तिची गाठ कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी पडली. ही फौज सुमारे २८ हजारांची असल्याचे सांगितले जाते. मात्र प्रत्यक्ष गावावर चालून गेलेल्या तुकड्या त्याहून पुष्कळ लहान होत्या. कंपनीच्या शिपायांनी पाण्यावाचून दिवसभर गाव लढविले. जनरल स्मिथची कुमक जवळ येत असल्याने पेशव्यांची फौज रात्री निघून गेली. कंपनीचे सुमारे २७५ लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. तरीही इंग्रजांनी हा आपला विजय मानला आणि १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी केली.

स्तंभ उभारला तो कंपनीच्या गौरवासाठी. पण त्यावर मृतांची नावेही कोरली गेली. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ हे महार समाजातील प्रत्यय आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाची माणसे शिपाई म्हणून लढली, याची ही दगडावरील नोंद होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा या नोंदीचे महत्त्व वाढले. सैन्यातील नोकरी म्हणजे पगार, शिक्षण आणि प्रतिष्ठा. शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या नेत्यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज-विनंत्या केल्या. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्तंभाला भेट दिली. अडीच महिन्यांतच महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. १९५६ च्या धर्मांतरानंतर या स्मरणाला बौद्ध समाजाच्या सामूहिक ओळखीचेही रूप आले.

जुन्या लढाईचे असे स्मरण जगात इतरत्रही होते. उत्तर आयर्लंडमधील प्रोटेस्टंट दरवर्षी १२ जुलैला १६९० च्या बॉइनच्या लढाईनिमित्त मिरवणुका काढतात. या लढाईत तिसऱ्या विल्यमने पदच्युत कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सचा पराभव केला होता. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या ऑरेंज ऑर्डरचे सदस्य नारिंगी पट्टे घालून ढोल आणि पताकांसह संचलन करतात. कॅथलिक वस्त्यांतून जाणाऱ्या मार्गांवरून वारंवार संघर्ष झाल्याने मिरवणुकांसंबंधी निर्णय देण्यासाठी १९९८ च्या कायद्याने वैधानिक आयोगाची तरतूद झाली.

दोन्हीकडे इतिहास स्मरणाइतका सरळ नाही. विल्यमच्या सैन्यात डच, डॅनिश आणि फ्रेंच शिपाई होते. कोरेगावात कंपनीच्या बाजूने महारांबरोबर इतर जातिधर्मांचे सैनिक लढले, तर पेशव्यांच्या बाजूने अरबांनी नेटाने हल्ले चढविले. त्यामुळे ही लढाई जातीविरुद्धची होती की दोन सत्तांमधील, याविषयी मतभेद आहेत. मात्र दोन्ही स्मरणांत मोठा फरक आहे. ऑरेंज मिरवणुका दीर्घकाळ सत्तेच्या बाजूस राहिलेल्या समाजाच्या आहेत. कोरेगावला येणारा समाज मात्र पेशवाईतील अस्पृश्यतेची आठवण आणि नाकारल्या गेलेल्या प्रतिष्ठेचा दावा घेऊन येतो.

या मतभेदांची किंमत १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईच्या द्विशताब्दीदिनी, मोजावी लागली. परिसरात हिंसाचार उसळून एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याचे पडसाद राज्यभर उमटले. निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. तेव्हापासून वाहतूक वळविणे, वाहनतळ, ज्यादा बसगाड्या आणि कडेकोट बंदोबस्त हा या दिवसाचा अविभाज्य भाग बनला आहे.

लढाईत नेमके कोण जिंकले, हा वाद अभ्यासकांमध्ये चालू राहील. स्तंभापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्यांचा प्रश्न त्याहून निराळा आहे. ज्यांची नावे गावाच्या दप्तरात क्वचितच मानाने लिहिली गेली, त्यांची नावे येथे दगडावर आहेत. ती वाचण्यासाठी आणि पुढच्या पिढीला दाखविण्यासाठी ही रांग दरवर्षी लागते.