केसांची गारगोटी आणि तिच्यामागचा काळा दगड

माझी एक मैत्रीण हाताने चांदीचे दागिने घडवते. दोन महिन्यांपूर्वी तिने जयपूरहून आणलेले रुटाइल क्वार्ट्झचे दोन ओबडधोबड तुकडे माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "तू दिवसभर दगडच कापतेस ना? मग हे दे की कापून. एकाची ऑर्डर आहे." माझं पीएचडीचं काम बेसॉल्टवर. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला खडकाचे ०.०३ मिलिमीटर जाडीचे काप करायचे, हे आमचं रोजचं. त्यामुळे दगड घासणं आपल्याला येतं, असा माझा समज होता. पहिल्या तुकड्याने तो उतरवला.

आधी हा दगड काय आहे ते बघू. क्वार्ट्झ म्हणजे सिलिका, शेताच्या बांधावर सापडणारी आपली गारगोटीच, फक्त इथे ती काचेसारखी स्वच्छ असते. तिच्या आत सोनेरी किंवा तांबूस सुया दिसतात, त्या रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या. हेच संयुग पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये असतं. बऱ्याचदा सुया आधी वाढलेल्या असतात आणि मग गरम पाण्यातून आलेली सिलिका त्यांच्याभोवती साचून क्वार्ट्झ तयार होतं. ब्राझीलच्या बाहिया राज्यात नोवो होरिझोंतेजवळ सापडणाऱ्या खड्यांत तर मधे हेमाटाइटचा काळा तुकडा आणि त्यातून सहा दिशांना फुटलेल्या सोनेरी सुया दिसतात, अगदी चांदणीसारख्या.

असा दगड पैलू पाडून सहसा कापत नाहीत. त्याचा कॅबोशॉन करतात, म्हणजे वरून घुमटासारखा आणि खालून सपाट खडा. घुमट भिंगाचं काम करतो आणि आतल्या सुया थोड्या मोठ्या दिसतात.

माझं चुकलं ते इथेच. मी तुकडा हातात घेतला, सगळ्यात सपाट बाजू बघितली आणि तिथून काप घेतला. सुया कुठल्या दिशेने चालल्यात हे नीट पाहिलंच नाही. निम्म्या सुया घुमटाच्या पृष्ठभागावर टोकं काढून उभ्या राहिल्या. मोहच्या मापावर क्वार्ट्झ ७ आणि रुटाइल ६ ते ६.५. फरक किरकोळ वाटतो ना? पण घासताना तो जाणवतो. सुईचं टोक ठिसूळ, त्याचे कपचे उडतात आणि तिथे बारीक खड्डा पडतो. वर मी शेवटची जिल्हई मऊ नमद्यावर सीरियम ऑक्साइड लावून दिली. मऊ नमदा दाबला की खड्ड्यात शिरतो आणि कठीण भागापेक्षा नरम भाग जास्त कोरतो. त्या खड्ड्यांत सीरियमची फिकट पूड जाऊन बसली. टूथब्रशने घासलं, साबणात भिजवलं, काही उपयोग नाही. सोनेरी केस आणि त्यांच्या टोकांना कोंडा! ऑर्डरचा खडा होता तो. मैत्रीण हसली खरी, पण दुसरा तुकडा देताना "नीट हं" असं दोनदा म्हणाली.

दुसऱ्या वेळी मी कापण्याआधी अर्धा तास नुसतं बघत बसले. खडबडीत दगडाच्या आतलं दिसत नाही, कारण पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो. तो ओला केला की दिसतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, खोबरेल तेलाचा १.४५ च्या आसपास आणि क्वार्ट्झचा साधारण १.५५. आकडे जितके जवळ, तितका पृष्ठभाग अदृश्य. म्हणजे पाण्यापेक्षा तेल सरस. पण दगडाला तडे असतील तर तेल आत मुरतं आणि पुढे चिकटवताना त्रास देतं, तेव्हा शंका आली तर पाण्यावरच भागवा. सुया खड्याच्या तळाला समांतर येतील असा काप घ्यायचा आणि वर निव्वळ क्वार्ट्झचा एक थर राखायचा. सुई बाहेर आलीच नाही तर खड्डा कशाचा पडणार? दगड थोडा वाया जातो, जाऊ द्या.

पुढचं काम चिकाटीचं. लाखेने खडा काडीला चिकटवायचा, मात्र हळूहळू गरम करून, कारण एकदम उष्णता लागली तर क्वार्ट्झला तडा जातो. मग हिऱ्याच्या पुडीची चाकं क्रमाने: ८० ने आकार, मग २८०, ६००, १२००, ३०००, १४०००. शेवटी मऊ नमदा टाळला. दर टप्प्याला खडा पुसून, वाळवून दिव्याखाली बघायचा. ओल्या दगडावर ओरखडे दिसत नाहीत, वरच्या तेलाच्याच कारणाने.

आणि एक गोष्ट हौशी लोक हसण्यावारी नेतात. कोरडं घासू नका. क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. खंभातला अकीक घासून मणी करणाऱ्या कारागिरांमध्ये या आजाराच्या नोंदी आहेत. अकीक म्हणजेसुद्धा सिलिकाच. चाकावर पाण्याची धार हवी, तोंडावर एन-९५ मास्क हवा आणि टेबलावर वाळलेला राडा झाडूने झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग: पाठ. खडा नुसता कोंदणात बसवला तर सुया छान दिसतात, पण त्यांच्यामागून त्वचा, कपडा, सगळंच डोकावतं. शिवाय सपाट तळामागे हवा असेल तर ४० अंशांपेक्षा तिरका पडणारा प्रकाश तळावरून पूर्ण परावर्तित होतो. सुयांची प्रतिबिंबं दिसतात आणि गर्दी वाटते. मागे काळा दगड चिकटवला की हा गोंधळ संपतो. एपॉक्सीचा अपवर्तनांक क्वार्ट्झच्या जवळपास असतो. त्यामुळे प्रकाशाला तळ जाणवतच नाही, तो सरळ पुढे जाऊन काळ्या दगडात विरतो. परत येतो तो फक्त सुयांवरून. रुटाइलचा अपवर्तनांक दिशेनुसार २.६ ते २.९. मी हिशेब केला: क्वार्ट्झमधून रुटाइलवर सरळ पडलेल्या प्रकाशातला साधारण ६ ते ९ टक्के परत फिरतो. खिडकीच्या काचेच्या एका पृष्ठभागावरून फिरतो सुमारे ४ टक्के. मागे अंधार असला की हा एवढासा प्रकाशही सोन्याच्या तारेसारखा उठून दिसतो.

यात एक फायदा दडलाय. तळाच्या बाजूला सुया बाहेर आल्या, खड्डे पडले, तरी एपॉक्सी ते भरते आणि ते जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून तळाला आरशासारखी जिल्हई देत बसू नका, ६०० ग्रिटपर्यंत घासलं तरी पुरतं. उलट हवेचा एक बुडबुडा राहिला तर तो चांदीच्या ठिपक्यासारखा चमकतो आणि नजर तिथेच जाते. मी एपॉक्सी हळू ढवळली, मधे एक थेंब टाकला आणि खडा एका कडेकडून टेकवत आणला. आम्ही खडकाचे काप काचेवर चिकटवतो ते असेच.

काळा दगड म्हणून लोक ओनिक्स किंवा ऑब्सिडियन घेतात. मी माझ्याकडे उरलेला सह्याद्रीतल्या बेसॉल्टचा काप वापरला, बारीक कणांचा आणि पोकळ्या नसलेला. व्यापाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे वरचा खडा ब्राझीलचा. मैत्रिणीने कार्डावर दोन्ही दगडांची नावं आणि "मागे चिकटवलेला आहे" असं स्पष्ट लिहिलं. जोडखडा अखंड म्हणून विकणं ही फसवणूकच. शिवाय ज्याच्याकडे पुढे दुरुस्तीला जाईल त्या सोनारालाही ते कळायला हवं. खडा न काढता त्याने डाख द्यायला ज्योत लावली, तर एपॉक्सी आधी पिवळी पडेल आणि मग सुटेल.