आयसीयूतली उपासमार नेमकी कधी होते?

आयसीयूच्या दाराशी बसलेले नातेवाईक पहिल्या दोन-तीन दिवसांत एक प्रश्न हमखास विचारतात, ‘पोटात काही गेलं का हो?’ व्हेंटिलेटरवरच्या माणसाला नाकातल्या नळीने तासाला २० मिलिलिटर पातळ अन्न चालू आहे, हे ऐकले की त्यांचे चेहरे उतरतात. उतरणारच, कारण दिवसभराचे ते अर्धा लिटरही भरत नाही आणि कॅलरीही साधारण पाचशेच्या आत राहतात. ‘निदान सलाईन तरी चालू आहे’ या समाधानातही फारसा अर्थ नाही. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एका पोळीइतकी ऊर्जा. नॉर्मल सलाईन तर नुसते मिठाचे पाणी. थोडक्यात, पेशंट खरोखरच अर्धपोटी असतो. पण त्या दिवसांतले अर्धपोटी राहणे ही हेळसांड नव्हे. हेळसांड होते ती पुढे, हा प्रश्न विचारणे सगळ्यांनीच सोडून दिल्यावर.

डॉक्टरांनाही एके काळी नातेवाइकांसारखेच वाटत होते, आणि त्याला कारणही होते. गंभीर आजारात स्नायू डोळ्यांदेखत वितळतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात दहा दिवसांत मांडीच्या स्नायूचा छेद सुमारे १८ टक्क्यांनी आक्रसलेला आढळला. मग झीज भरून काढायला लवकर आणि भरपूर अन्न द्यावे, हे ओघानेच आले. मात्र चाचण्यांनी हा सरळ हिशेब मोडीत काढला. बेल्जियममध्ये ४,६४० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘एपॅनिक’ चाचणीत, नळीतून कमी पडणारे पोषण काहींना शिरेवाटे लगेच पुरवले, तर काहींना आठव्या दिवसापर्यंत थांबवले. थांबवलेल्यांना जंतुसंसर्ग कमी झाला आणि ते आयसीयूतून लवकर बाहेर पडले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २०१८ च्या ‘टार्गेट’ चाचणीत जवळपास चार हजार रुग्णांपैकी निम्म्यांना दीडपट कॅलरीचे अन्न दिले, तरी जगणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. फ्रान्समधल्या २०२३ च्या ‘न्यूट्रिरिया-३’ने तर कमाल केली. तिथे एका गटाला पहिल्या आठवड्यात किलोमागे रोज फक्त ६ कॅलरी दिल्या, दुसऱ्याला २५. मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. उलट कमी खाल्लेल्यांना उलट्या-जुलाब कमी झाले आणि ते आयसीयू सोडण्याच्या स्थितीत लवकर आले.

याचे कारण शरीराच्या आतल्या कारभारात आहे. मोठ्या आघातात यकृत स्नायूंमधली प्रथिने मोडून स्वतःच साखर तयार करत राहते. निरोगी माणूस जेवला की हा उद्योग थांबतो. आजाऱ्यात तो पुरेसा थांबत नाही. त्यामुळे बाहेरून ओतलेले अन्न आतल्या पुरवठ्याची जागा घेत नाही, त्यात भर घालते. परिणामी रक्तातली साखर चढते, इन्सुलिन वाढवावे लागते, यकृतावर चरबी साठते. रक्तदाब खचलेला असेल तर आतड्याला रक्त कमी मिळते. अशा वेळी त्याच्यावर पूर्ण आहार लादणे धोक्याचेच. म्हणून नळी कोरडी ठेवायची असाही अर्थ नाही. प्रकृती जरा स्थिरावली की ४८ तासांच्या आत थोडे अन्न आतड्यात जावे, यावर बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे. वाद आहे तो किती, एवढ्यापुरताच.

यावर एक आक्षेप येतो: कॅलरी सोडा, प्रथिने तरी भरपूर द्या. तेही करून पाहिले गेले. ‘एफर्ट’ चाचणीत किलोमागे २.२ ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिनांचे लक्ष्य ठेवले, तरी रुग्ण लवकर घरी गेले नाहीत, आणि ज्यांची मूत्रपिंडे आधीच बिघडली होती त्यांचे नुकसानच झालेले दिसले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे रुग्ण बहुतांशी खात्यापित्या देशांतले. आपल्याकडे मुळातच हाडे वर आलेला, क्षयाने किंवा दारूने पोखरलेला पेशंट येतो, त्याला हा नियम कसा लावायचा? जसाच्या तसा लावू नये, हे खरेच. अशा माणसाची शिल्लकच कमी असते, म्हणून त्याला अर्धपोटी ठेवण्याची मुदतही कमी हवी. पण उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा मारा केला तर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम कोसळतात, हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धात उपासमारीतून सुटलेल्या कैद्यांच्या बाबतीत हे घडले होते. म्हणजे ज्याची दया सर्वांत जास्त येते, त्याच्याच बाबतीत हात सर्वांत आखडता हवा: आधी थायमिन, मग थोडे अन्न, रोज फॉस्फेटची तपासणी, आणि मगच वाढ.

आता वॉर्डात या. श्वासाची नळी निघाली, पेशंट बोलू लागला, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शरीराने आतली मोडतोड आवरती घेतलेली असते आणि बांधकामाला माल हवा असतो. नेमकी याच वेळी, ‘आता खातोय ना’ म्हणून नाकातली नळीही काढली जाते. प्रत्यक्षात गिळायला त्रास होतो, तोंडाला चव नसते, चमचा धरलेला हात थरथरतो. अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात व्हेंटिलेटर सुटल्यानंतरच्या आठवड्यात रुग्णांचे सरासरी खाणे गरजेच्या निम्म्यावरही गेले नव्हते. आपल्याकडचे आजारपणातले जेवण या तुटीला हातभारच लावते. साठ किलोच्या माणसाला किलोमागे १.३ ग्रॅमने दिवसाला ७८ ग्रॅम प्रथिने लागतात. भाताची पेज, वरणावरचे पाणी, साबुदाण्याची खीर (साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच) यांवर ती कशी भरणार? दोन अंड्यांतून साधारण १२ ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून सहा-सात. घट्ट वरण, पनीर, दही, मासे हे सगळे आग्रहाने दिले तरी आकडा गाठताना दमछाक होते. मग रात्रीपुरते नळीतून अन्न चालू ठेवणे हा मागासलेपणा नसून शहाणपणा ठरतो. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांचे मिलिग्रॅम आणि वेळा नीट लिहिलेल्या असतात, आहाराच्या ओळीत मात्र बहुधा ‘हलका आहार’ एवढेच. तिथे प्रथिनांचे ग्रॅम लिहून घेण्यासाठी नातेवाइकांनी डाएटिशियनच्या मागे लागावे, आणि पहिल्या दिवशीचा तो प्रश्न दहाव्या, विसाव्या दिवशीही तितक्याच चिकाटीने विचारावा.