नवी वसाहत, वेगळ्या मापाची पेटी: घाई केली तर माश्या उडून जातील



"सातेरी माश्यांची वसाहत आणली, पण तिच्या चौकटी आमच्या पेटीत बसत नाहीत, काय करू?" असे फोन सध्या येताहेत. कांदा बियाण्याचे प्लॉट फुलायला आलेत. अशा वेळी वसाहत उडून गेली तर पेटीचे पैसे जातातच, पण परागीभवनाचा हंगामही हातचा जातो. म्हणून पेटी उघडण्याआधी एवढं वाचा.

*आधी माप घ्या*
मेलिफेराच्या ८ आणि १० चौकटींच्या लँगस्ट्रॉथ पेट्यांत चौकटीची लांबी एकच, फक्त पेटीची रुंदी वेगळी. तिथे चौकटी त्याच क्रमाने उचलून ठेवल्या की काम झालं. सातेरीच्या 'ए' टाइप पेटीत पिलाव्याच्या चौकटीचं आतलं माप साधारण २१० × १४५ मिमी असतं. 'बी' टाइपची चौकट त्याहून मोठी. इथे पोळं कापून बांधावं लागतं.
सातेरी थेट लँगस्ट्रॉथ पेटीत घालायचा विचार मात्र सोडा. सातेरी दोन पोळ्यांत कमी अंतर ठेवते. अंतर जास्त झालं की ती मध्येच आडवीतिडवी पोळी बांधते, मग एकही चौकट सरळ निघत नाही.

*आणल्या आणल्या हात लावू नका*
जुनी पेटी कायमच्या जागी ठेवा आणि आठ-दहा दिवस जाऊ द्या. माश्या पायांना पराग लावून आत जाताना दिसल्या, पोळ्यात पिलावा दिसला, की मगच बदला. पिलावा असलेली वसाहत सहसा जागा सोडत नाही. पांढरं, कोवळं पोळं बांधताना मोडतं, तेही थोडं पक्कं होऊ द्या. पाऊस असेल किंवा शिवारात फुलं नसतील तर थांबा.

*बदलताना*
१. ऊन उतरल्यावर, पण उजेड असताना काम करा. जुनी पेटी बाजूला घेऊन त्याच जागी, दार त्याच दिशेला करून नवी पेटी ठेवा.
२. हलका धूर द्या. राणी ज्या पोळ्यावर आहे ते सगळ्यात जपून हाताळा.
३. पोळ्याचा वरचा मधाचा भाग कापून काढा. मध जड असतो, पोळं सुटून पडतं. पिलाव्याचा भाग वरची बाजू वरच ठेवून चौकटीच्या वरच्या दांडीला टेकवा आणि केळीच्या सोपटाने किंवा सुती दोऱ्याने बांधा. नायलॉन नको. माश्या पोळं चिकटवून घेतात आणि दोरा स्वतःच कुरतडून टाकतात.
४. पिलाव्याच्या चौकटी मधोमध, शेजारी शेजारी ठेवा. पिलाव्याला ३४-३५ अंश ऊब लागते. उरलेली रिकामी जागा फळी लावून बंद करा, नाहीतर थोड्या माश्यांना एवढी मोठी पेटी उबदार ठेवता येत नाही.
५. दाराला राणी अडवणारी जाळी चार-पाच दिवस लावा. नंतर आठवणीने काढा, कारण नर माश्याही तिथे अडकतात.
६. साखर-पाणी समप्रमाणात, संध्याकाळी, पेटीच्या आतच द्या. कापलेला मध उघड्यावर ठेवू नका, दुसऱ्या पेटीच्या माश्या लूट करतात. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या चढत नाहीत.

*बदलल्यावर*
चार दिवस पेटी उघडू नका, दाराकडेच लक्ष ठेवा. पराग आत जातोय म्हणजे ठीक चाललंय. पाचव्या दिवशी उघडून अंडी शोधा. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे अंडी दिसली तर राणी गेल्या तीन दिवसांत अंडी घालत होती. ती दिसण्याचा हट्ट नको. रिकामी काळी पोळी काढून टाका, त्यांत मेणकिडा लागतो.

शेजारच्या शेतात फवारणी असेल तर तो आठवडा टाळा आणि शेजाऱ्यालाही पेटीची कल्पना द्या. मापाबद्दल शंका असेल तर चौकटीशेजारी पट्टी धरून फोटो पाठवा. उत्तर येईपर्यंत पोळं कापू नका.