अबोलीची वेणी

कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जातांना टोकावडे हें गांव लागतें. शहरच्या फुलबाजारांतील मोगऱ्याचा गजरा उन्हाळ्यांत इतक्या दूर पोंचेपर्यंत मलूल होतो. अशा वेळीं लग्नघरीं वधूच्या अंबाड्यासाठीं काय करावें? परसांत अबोली असेल, तर चिंता नको. तिला गंध नाहीं. पण तजेला मोगऱ्यापेक्षां पुष्कळ अधिक टिकतो.

वेणी बिघडते ती बहुधा दोऱ्यामुळें. सुताचा बारीक दोरा आवळला कीं अबोलीचा नाजूक देंठ कापला जातो आणि ऐन समारंभांत फुलें गळूं लागतात. यास्तव केळीचें सोपट घ्यावें. वाळलेलें सोपट अर्धा तास पाण्यांत भिजवून त्याच्या जाड दोऱ्याएवढ्या पट्ट्या सोलाव्या. ओली पट्टी मऊ व चपटी असल्यामुळें देंठाला काचत नाहीं.

दोन फुलें डावीकडे व दोन उजवीकडे तोंड करून धरावीं. देंठ मधोमध एकमेकांवर यावे. अबोलीच्या पाकळ्या पंख्यासारख्या एकाच अंगाला पसरतात. ती बाजू वर ठेवावी. पट्टीचा वेढा मागून घेऊन टोंक त्याच वेढ्यांतून काढावें, आणि देंठ जेमतेम दबेल इतकेंच ओढावें. पुढचीं फुलें आधींच्या देंठांवर बसवावीं. सुवासासाठीं मधून मधून मरवा घालावा. हौसेनें जरही घालतात. पण ती फार झाली कीं वेणी माळ्याची न वाटतां सोनाराची वाटूं लागते!

वीतभर वेणी अंबाड्याला पुरते. दोन्ही टोंकांना चार बोटें पट्टी मोकळी राखावी. आकडे तेथेंच अडकवावयाचे असतात. आदल्या रात्रीं गुंफल्यास ती ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावी.