आप्तवियोगाचे दुःख : आधार केव्हा, उपचार केव्हा?

जवळच्या व्यक्तीच्या निधनानंतर होणारे दुःख हा आजार नव्हे. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आल्याचा भास होणे, हे सारे स्वाभाविक मानले जाते. बहुतेकांच्या बाबतीत ही तीव्रता हळूहळू ओसरते. गावापासून दूर राहणाऱ्यांना मात्र हा काळ अधिक कठीण जाऊ शकतो.

बंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरम, अर्थात कृष्णराजपुरम परिसरात नोकरीनिमित्त परराज्यांतून आलेली अनेक कुटुंबे राहतात. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. गावी दहा दिवसांचे सुतक, समाचाराला येणारी माणसे, दहावा, तेरावा आणि पुढे वर्षश्राद्ध असा क्रम असतो. त्यामुळे शोकाला अवधी मिळतो व मृत व्यक्तीविषयी बोलताही येते. रजा संपवून शहरात परतलेल्या माणसाभोवती मात्र अनेकदा त्या व्यक्तीला ओळखणारे कोणीच नसते.

ठराविक टप्पे नाहीत

एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले पाच टप्पे सर्वश्रुत आहेत. परंतु ते मुळात मरणासन्न रुग्णांच्या मुलाखतींवर आधारित होते. मार्गारेट श्ट्रोबे व हेंक शूट यांनी १९९९ मध्ये वेगळा विचार मांडला. त्यांच्या मते शोकाकुल व्यक्ती कधी आठवणींत बुडते, तर कधी दैनंदिन कामांत गुंतते आणि ही ये-जा आवश्यकच असते. त्यामुळे एखादे दिवशी हसू आले म्हणून अपराधी वाटण्याचे कारण नाही.

मदत केव्हा घ्यावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘प्रदीर्घ शोकविकारा’चा समावेश आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ वा वेदना कायम राहणे, दैनंदिन व्यवहार ठप्प होणे आणि हा शोक त्या समाजाच्या रीतीहूनही स्पष्टपणे अधिक असणे, ही त्याची लक्षणे होत. जगणे नकोसे वाटू लागल्यास मात्र सहा महिने थांबू नये. तत्काळ मदत घ्यावी.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. बंगळुरूची ‘निम्हान्स’ ही तिची शिखर संस्था आहे. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र समुपदेशन मिळते आणि त्यासाठी मराठीचा पर्यायही उपलब्ध आहे.

आप्त-शेजाऱ्यांनी ‘आता विसरा’ असे सांगण्यापेक्षा मृत व्यक्तीचे नाव घेऊन तिच्याविषयी विचारावे. तेराव्यानंतरही, पहिल्या सणाला आणि वर्षश्राद्धाला, आवर्जून भेटावे.